पाठमोऱ्या सुमनताई

सुमनताई भामरे आपली गोष्ट पोरांना ऐकवायच्या तेव्हा पोरांकडे पाठ करून बसायच्या. वाचणारा दुसरा कोणीतरी. ताईंचं तोंड भिंतीकडे, मांडीवर हस्तलिखिताची प्रत आणि हातात लाल पेन्सिल. मागे पाय हलले, कोणी खाजवलं, कोणाच्या बांगड्या वाजल्या, की त्या ओळीपाशी एक आडवी रेघ. घरी गेल्यावर रेघ असलेला मजकूर कापायचा, मग तो कितीही सुंदर असो.

"तोंडाकडं बघायचंच नाही भाऊ," त्या मला म्हणाल्या होत्या. "पाहुण्यांसमोर कसं बसायचं ते पोरांच्या तोंडाला शिकवलेलं असतं. पायांना कोणी शिकवत नाही."

नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये मुलांसाठी लिहिणाऱ्या आम्हा पाचसहा जणांचं एक मंडळ होतं. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही एका वाचनालयाच्या माडीवर जमायचो, एकमेकांच्या गोष्टी ऐकायचो आणि त्या थोर आहेत असं एकमेकांना सांगायचो. निवृत्त मुख्याध्यापक नाना आमच्यातले ज्येष्ठ. त्यांच्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य असायचं, आणि कधीकधी ते गोष्टीपेक्षा लांब असायचं. मी कचेरीत कारकून. घरी माझ्या दोन मुली माझ्या गोष्टी ऐकता ऐकता झोपी जात, आणि ते मी माझ्या कथनशैलीचं यश समजत असे.

सुमनताई सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होत्या. यंत्रावरून उतरलेल्या भागाच्या भोकात गेज, म्हणजे मापाची सळई, घालून बघायचं. नीट बसलं तर माल पुढे, नाही बसलं तर त्यावर लाल खूण. दिवसभर हेच काम. पोरांना त्या 'माझं गेज' म्हणायच्या. मूळच्या सटाण्याकडच्या. बोलणं आमच्यासारखंच, पण वैतागल्या की अहिराणी वर यायची. नानांचं तात्पर्य सुरू झालं की हळूच माझ्याकडे वळून म्हणायच्या, "हाई काय शे?"

माझा आवाज बरा आहे असं सगळे म्हणत. माझं लेखन बरं आहे असं मी म्हणत असे. त्यामुळे ताईंचा वाचक व्हायचं काम माझ्याकडे आलं. त्याच्या मोबदल्यात एकदा मी माझी एक गोष्ट त्यांच्या वसाहतीतल्या पोरांपुढे वाचली. शाळेत जाणाऱ्या सशाची. कान हलवले, उड्या मारल्या, मास्तरांचा आवाज काढला. पोरं लोळून हसली. मी घाम पुसत ताईंकडे पाहिलं, तर कागद लाल रेघांनी भरलेला.

"अहो, हसत होती की ती."

"तुम्हाला हसली. सशाला नाही. पुस्तक छापल्यावर प्रत्येक प्रतीबरोबर तुम्ही घरोघर उड्या मारायला जाणार का?"

त्या दिवसापासून मला एसटीचं वेळापत्रक वाचावं तसं वाचायची सक्त ताकीद मिळाली. ससा ट्रंकेत गेला तो अजून तिथेच आहे.

या बाईचं एक पुस्तक आठ वर्षं चाललं होतं. लहानपणी तापानं गेलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीवर, मालूवर. दोघी बहिणी आणि एक शेळी, एवढंच त्यांचं जग. गोष्ट सांगणारी धाकटी. शेवटचं प्रकरण मालूच्या मरणाचं, एकोणीस पानांचं. ताईंनी ते मंडळात वाचलं तेव्हा माडीवर कोणी कोणाकडे बघेना. नाना चष्मा काढून बसले. "सुमन, तू हे एवढं एकच प्रकरण लिहिलं असतंस तरी पुरे होतं," असं ते म्हणाले, आणि तात्पर्य न सांगता घरी गेले. आमच्या गावातल्याच एका प्रकाशकांनी पुस्तक घेतलं. पानं जुळून तयार झाली. प्रुफं तपासून शनिवारी परत द्यायची होती.

आदल्या रविवारी ताई पहाटे माझ्या दारात. पिशवीत प्रुफं.

"हरसूलला चला. आश्रमशाळेत पोरं असतात रविवारची."

"आता? सगळं पुस्तक तर तपासून झालंय."

"शेवटचं नाही झालं. बाकी सगळं पोरांपुढून गेलं, हे एकच मी ठेवून दिलं होतं." थोडा वेळ त्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिल्या. "न तपासलेला माल कसा पाठवू, भाऊ?"

त्र्यंबकच्या पुढे एसटी वळणं घेत होती आणि मी मनात एकच गोष्ट घोकत होतो. पोरांनी पाय हलवू नयेत. ताईंनी आयुष्यात स्वतःसाठी म्हणून लिहिलेली तेवढीच पानं होती, आणि ही बाई ती कापायला कमी करणार नाही हे मला माहीत होतं.

चौथी-पाचवीची पोरं ओळीनं बसली. ताई नेहमीसारख्या भिंतीकडे वळल्या. आधीच्या प्रकरणांतल्या दोघी बहिणी आणि मालू रोज चारायला नेते ती शेळी थोडक्यात सांगून मी वाचायला लागलो. दुसऱ्याच पानावर मागच्या ओळीत एक पाय हलला. मग दुसरा. मग मी ते केलं जे करायचं नव्हतं. आवाज खाली आणला. मालूचा ताप चढला तिथे थांबलो. आईच्या हाकेला कंप दिला. वर्ग चिडीचूप झाला. संपल्यावर मी खुशीत ताईंकडे गेलो. त्यांच्या कागदावर दुसऱ्या पानानंतर एकही रेघ नव्हती.

"आवाज हलवलात," त्या म्हणाल्या.

"थोडासा. ओघात."

"मालू माझी बहीण होती. तिला तुम्ही उचलून धरायची गरज नाही. शेजारच्या खोलीतल्या मुली बोलवा आणि सरळ वाचा."

मुलींना आधीची गोष्ट तशीच थोडक्यात सांगितली आणि मी सरळ वाचलं. मी आयुष्यात इतकं अवघड काही वाचलेलं नाही. पाचव्या पानापासून मागे चुळबुळ सुरू झाली ती शेवटपर्यंत थांबली नाही. ताईंची पेन्सिल एकसारखी चालत होती. मला वाटलं, हात तरी चुकेल कुठे. नाही चुकला.

वाचून झालं. मग एका सडपातळ मुलीनं, फ्रॉकची बाही ओढत, विचारलं, "ती मेली. पन मग सकाळी शेळी कोनी नेली चारायला?"

बाकीच्या मुली लगेच पुढे सरकल्या. हो, शेळी कोणी नेली? तिला पाणी कोणी दाखवलं? घरात सगळे रडत होते, मग शेळी तशीच बांधलेली राहिली का?

एकोणीस पानांत शेळी नव्हती. आम्ही थोरामोठ्यांनी डोळे पुसले होते, पण हे कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

सुमनताई भिंतीकडून मुलींकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मी नेली."

"तू?"

"नऊ वर्षांची होते. ती ओरडायला लागली. कोणाचं लक्ष नव्हतं. मग मीच सोडली."

"आली तुझ्यासंगं? का मालूलाच बघत होती?"

"दारात थांबली. येईचना. मग मी मालूची ओढणी डोक्यावरून घेतली, तेव्हा आली."

त्या मुलींसमोर बसून ताई अर्धा तास बोलत होत्या. शेळी कुठे गेली, काय खाल्लं, दुपारी कुठल्या सावलीला दोघी बसल्या. मध्ये मुलींचे प्रश्न. एकही पाय हलला नाही, हे मी सांगतो. ताई तेव्हा ते ऐकत नव्हत्या. मी कोपऱ्यात प्रुफं घेऊन उभा होतो.

परतीच्या एसटीत त्यांनी प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहायला सुरुवात केली. नाशिक येईपर्यंत तीन पानं झाली. एकदाच मान वर करून म्हणाल्या, "इतकी वर्षं मला हे कोणी विचारलंच नाही, भाऊ. मी पण नाही विचारलं."

प्रकाशक वैतागले. नाना तर ताईंच्या घरी जाऊन भांडले. "अगं, आम्ही सगळे रडलो ते खोटं होतं का?"

"खरं होतं नाना. पण तुम्ही मला ओळखता, म्हणून रडलात. त्या पोरी मला कुठे ओळखतात?" नानांपुढे चहा ठेवत त्या म्हणाल्या. एकोणीस पानं गेली, तीन आली. नानांनी दोन महिने अबोला धरला.

सुमनताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या तीन पानांतलं पहिलं असं सुरू होतं: 'सकाळी शेळी ओरडली. घरात कोणी उठलं नाही. मी उठले. दावं सोडलं. ती दारात उभी राहून घरात बघत राहिली, आणि मी पण बघितलं. मग आम्ही दोघी निघालो.' त्या तिन्ही पानांत मालूचं नाव एकदाही नाही. मी चांगला वाचतो असं अजूनही लोक म्हणतात. ही पानं मात्र मला कोणापुढे वाचता आलेली नाहीत.