दिवाणखान्यामागची चूल

मी मलकापूर सोडलं ते मागच्या दारानं. लग्नाला सहा महिने झाले होते, यांना नागपूरच्या शाळेत मास्तरकी मिळाली होती आणि दुपारच्या गाडीनं आम्हाला निघायचं होतं. टांगा पुढच्या दाराशी येऊन उभा राहिला, तसे बाबा घाईघाईनं आत आले. "मांगून जाय वो बाई. पुढं मुंबईचे पाहुने बसले हायेत, त्याहिच्या मधातून ट्रंका नेता काय?" मुंबईचे पाहुणे म्हणजे कापसाचे दलाल. बाबा कापसाची सरकी काढायच्या जिनात हेडकारकून, त्यामुळे दलालांचं येणंजाणं आमच्याकडे रोजचं होतं. मग टांगा वळसा घालून गल्लीत आला आणि माझी ट्रंक, वळकटी आणि मी, सगळे शेणाच्या उकिरड्याजवळून घराबाहेर पडलो.

आई तिथं आली. डोळे लालभडक झाले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बिचारी कशी रडून राह्यली पाय." ती रडत नव्हती. पाहुण्यांसाठी पुऱ्या तळत होती आणि धुरानं तिचे डोळे बाराही महिने तसेच असत. तिनं माझ्या तळहातावर दही घातलं, "पोचल्याचं कार्ड टाकजो" म्हणाली, आणि तेवढ्यात आत घंटी वाजली. ती गेली. टांगा वळेपर्यंतसुद्धा थांबली नाही. पाहुण्यांना चहा हवा होता. मी सतरा वर्षांची होते आणि अकोला येईपर्यंत त्या घंटीला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

वसंता, हे तुला लिहायचं कारण तुझंच पत्र. मुंबईला आपल्या बहिणीला, कुसुमलाही याची नक्कल पाठवते आहे, कारण तीही माझ्यासारखीच ते घर सोडून गेली आणि तीही आल्यागेल्याला त्या घराचं कौतुक सांगत असते. तू लिहितोस, "ताई, तू नागपुरात, राजधानीत राहतेस, साहेबलोकांचे बंगले पाहतेस. मधली भिंत पाडून दिवाणखाना वाढवायचा आहे. सोफा कुठे, आरसा कुठे, एक नकाशा काढून पाठव." इथपर्यंत ठीक होतं. पुढं लिहितोस, "आईला दिवाळीपर्यंत पाठवून दे. तिच्यासाठी मागची खोली नीट करून ठेवली आहे. तिथं तिला पाहुण्यांचा त्रास होणार नाही."

मागची खोली! मी ते वाक्य तीनदा वाचलं. त्या खोलीत काय झालं ते तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा पाच वर्षांचा होतास. पण आता तू पंचविशीला टेकलास, तेव्हा ऐकून घे.

आधीचं घर तुला आठवत नसणार. पुढं ओसरी, मग लांबलचक माजघर आणि उजव्या अंगाला स्वयंपाकघर. त्याची खिडकी गल्लीत उघडायची. आई चुलीशी बसल्या बसल्या त्या खिडकीतून अर्ध्या मलकापूरशी बोलायची. भाजीवाली तिथंच थांबायची, शेजारच्या काकू तिथूनच विरजण मागायच्या, स्टेशनावर कोणती गाडी उशिरा आली तेसुद्धा तिला आमच्याआधी कळायचं. मी अकरा वर्षांची असताना बाबा हेडकारकून झाले आणि त्यांना दिवाणखान्याची स्वप्नं पडू लागली. बुलढाण्याचे मोठे साहेब गाडी धरायला मलकापुरास येतात, कधीतरी आपल्याकडे चहाला उतरतील, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं. मग ओसरी, अर्धं माजघर आणि स्वयंपाकघर मिळून एक दिवाणखाना करायचा ठरला. उरलेल्या माजघरात आम्ही. आणि चूल? चूल मागं, गाईच्या गोठ्यात, तीच ही तुझी मागची खोली. गाय विकून टाकली.

हा सगळा बेत आईला कुणी सांगितला नाही. तिला तो रहीमचाचांकडून कळला. रहीमचाचा म्हणजे आपले गवंडी, निम्म्या गावाच्या भिंती त्यांच्या हातच्या. गोठ्यावर टिनं टाकायची, चारी बाजूंनी पक्की भिंत घ्यायची आणि भिंतीला खिडकी नाही, असा हुकूम होता. आईनं त्या घरात आयुष्यात एकच गोष्ट मागितली. "एक खिडकी ठेवा ना," ती बाबांना म्हणाली. बाबा म्हणाले, "पाहुने हात धुवाले आंगनात येतात. त्याहिनं चुलीपाशी बसलेली बाई पाहाव काय? घराची काही शोभा ठेवसान का नाही?"

रहीमचाचा मध्ये पडले. "साहेब, चुलीचा धूर जाईन कुठून?"

"धुराले रस्ता सांगा लागत नाही," बाबा म्हणाले. "तो जाते."

तो गेला नाही. वर वीतभर धुराडं होतं, पण पावसाचं पाणी येतं म्हणून त्यावर पत्रा ठोकला गेला. जळण कसलं, तर पऱ्हाट्या, कापसाच्या झाडांच्या काड्या. कापसाच्या गावात दुसरं काय असणार? ओल्या पऱ्हाट्या काय धूर करतात ते ज्यानं फुंकणी फुंकली त्यालाच ठाऊक. वैशाखात वरची टिनं तापायची, खाली चूल, आणि मध्ये आई.

पुढं मात्र काय थाट! शहाबादी फरशी, दारावर रंगीत काचांची कमान, वेताच्या खुर्च्या, छताला हंडी, भिंतीवर बादशहाची तसबीर. मोठ्या साहेबांसाठी म्हणून एक गादीची खुर्ची आणली होती, तिच्यावर कायम खोळ. साहेब काही आले नाहीत. ते येत, गाडीत बसत आणि जात. खुर्चीवर कुणी बसायचं नाही, हा नियम तेवढा राहिला. आणि बाबांची बोली! दिवाणखान्यात "यावं, यावं, आपले पाय लागले, आमचं भाग्य," आणि उंबऱ्याच्या आत पाय पडला की "चहा झाला नाही काय वो अजून?" मी लहानपणी याला हसायचे. आता हसू येत नाही.

चूल इतकी लांब गेली की हाक पोचेना. पाहुण्यांसमोर ओरडणं बरं दिसत नाही. म्हणून बाबांनी दिवाणखान्यातून चुलीपर्यंत एक दोरी ओढून घेतली आणि तिच्या टोकाला घंटी बांधली. एकदा वाजली की पाणी, दोनदा की चहा, तीनदा की पानाचं तबक. ती घंटी बैलाच्या गळ्यातली होती. बाजारातून नवी आणायचंही त्यांच्या मनात आलं नाही. तू ती दोरी ओढायला रडायचास, आठवतं? तुला खेळ वाटायचा. मी तुला उचलून धरायची आणि तू ओढायचास, आणि आत आई उठायची.

म्हणजे मी काही धुतल्या तांदळाची नाही. शाळेतल्या मैत्रिणींना रंगीत काचा दाखवायला मीच आणत असे. फरशीवर पडलेल्या लाल-निळ्या उजेडात आम्ही पावलं ठेवायचो आणि माझी छाती फुगायची. त्यातल्या एकीनं विचारलं होतं, "तुही माय कुठी हाये?" मी म्हणाले, "मांगं हाये, कामात." याचीच मला जास्त चीड येते.

नागपुरात आम्हाला दोन खोल्यांची चाळीतली जागा मिळाली. मागच्या खोलीला खिडकी नाही हे पाहिलं आणि मी पहिल्याच दिवशी रॉकेलचा स्टोव्ह पुढच्या खोलीत, रस्त्याच्या खिडकीखाली मांडला. बाजूला टेबल, टेबलाशी दोन खुर्च्या, तिथंच यांची पुस्तकं. हे बिचकले. "अगं, हेडमास्तर चहाला यायचेत. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना चहा प्यायचा असेल तर करणारी दिसेल." हेडमास्तर आले, चांगले तासभर बसले आणि जाताना त्यांनी कांद्याच्या भज्यांची कृती माझ्याकडून लिहून घेतली. आमची नाचक्की वगैरे काही झाली नाही. तू म्हणतोस तसे बंगले मी पाहिलेत, त्यांतही स्वयंपाकघर मागंच असतं आणि तिथंही बायाच खोकत असतात.

बाबा गेले तेव्हा मी आले. तोवर आईच्या दोन्ही डोळ्यांत फुलं पडली होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, "धूर टाळा," आणि बाबांनी त्यांना पान देऊन वाटेला लावलं होतं. तेराव्याला दिवाणखाना माणसांनी गच्च भरला. रहीमचाचाही आले, पण ते मागच्या अंगणात पायरीवर बसले. ज्यांनी तो दिवाणखाना उभा केला, त्यांना त्यात बसा म्हणणारं कुणी नव्हतं. मी पाणी घेऊन गेले तर ते भिंतीकडे पाहून म्हणाले, "बेटी, तुह्या मायनं त्या इटा काढल्याच नाही काय?"

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. सगळी भिंत त्यांनी चुन्यात बांधली, पण बसलेल्या बाईच्या डोळ्यासमोर येतील अशा चार विटा मुद्दाम मातीत बसवल्या आणि वरून पातळ गिलावा दिला. आईला तेव्हाच दाखवून ठेवलं होतं, "भाभी, सांडशीनं टोचलं का निघतात. साहेब जिनात गेले का काढा, वापस येन्याच्या टायमाले लावून द्या. कोनाले समजत नाही."

अकरा वर्षं, वसंता. अकरा वर्षं त्या चार विटा तिच्या हाताच्या अंतरावर होत्या आणि तिला ते ठाऊक होतं.

मी तशीच आत गेले आणि तिच्यावर ओरडले. बाबांवर कधी ओरडले नव्हते, तेही सगळं त्या दिवशी तिच्या वाट्याला आलं. डोळे घालवून बसलीस, हात का नाही उचललास, कुणाची भीती होती तुला, बाबा तर दिवसभर जिनात असायचे! ती चुलीसमोर बसली होती, दिसत नसतानाही. हळूच म्हणाली, "एक डाव काढल्या असत्या तं पुन्हा लावू वाटल्या नसत्या मले." आणि मग म्हणाली, "तू काऊन ओरडून राह्यली? पुढं लोक बसले हायेत."

मी सांडशी घेतली. गिलावा भसाभस सुटला, विटा खरंच मातीत होत्या. चौथी वीट निघाली तेव्हा उन्हाचा एक पट्टा तिच्या तोंडावर पडला. तिला तो दिसला नाही. तिनं नुसता गाल पुढं केला आणि म्हणाली, "वारा आला." पुढं दिवाणखान्यात कुणीतरी तुला सांगत होतं की तुमच्या वडिलांनी घर बांधावं तर असं बांधलं. मी दुसऱ्या दिवशी तिला घेऊन नागपूरला आले. तू तेव्हा सोळाचा होतास, मावशीनं तुझं जेवणखाण बघायचं कबूल केलं आणि तुला कुणी दोष दिला नाही. आजही देत नाही. पण आज तू पोर नाहीस.

इथं आल्यावर वर्षभर तिची एक खोड जाईना. दारात पाऊल वाजलं की ती उठायची आणि भिंत चाचपत आत जायला निघायची. मी तिला परत बसवायची. पाहुणे अवघडून जायचे, मी तरी बसवायचीच. हळूहळू ती बसू लागली. मग बोलू लागली. आता तर आमच्याकडे येणारी निम्मी माणसं तिच्याकडेच येतात. मी शाळेत शिकवते, हेही शिकवतात, घरी तीच असते. कोण आलं, कोण गेलं, कुणाची बदली झाली, हे मला तिच्याकडून कळतं. मला कुणी तुझं घर कोणतं विचारलं तर मी आता मलकापूर म्हणत नाही. ज्या खोलीत आई पाय पसरून बसते तेच माझं घर. कुसुम, तू तुझं बघ.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. वाटलं, ती नाही म्हणेल आणि मी तुला तेवढं दोन ओळींत कळवेन. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. हातातली शेंग सोलून झाल्यावर म्हणाली, "जाईन मी."

माझं डोकंच फिरलं. नागपूरची सगळी भाषा गळून पडली. "कुठी जाशीन? त्या कोंडवाड्यात?"

"माहं घर हाये ते. काऊन नाही जाईन?" ती म्हणाली. "पन त्याले लिही. माही खाट पुढच्या खोलीत टाकजो म्हना. दारासमोर. येनारा-जानारा बोलन माह्यासंग."

"आन् पाहुने आले तं?"

"आले तं आले. मी काय खाऊन राह्यली त्याहिले?"

तेव्हा नकाशा सोबत पाठवत आहे. त्यात दिवाणखाना आहे, दार आहे आणि दारासमोर आईची खाट आहे. तिची जागा मी पट्टीनं मोजून आखली आहे, ती हलवायची नाही. सोफा आणि आरसा उरल्या जागेत तुला हवे तिथं ठेव. पाहुण्यांची दाटी झालीच, तर मागची खोली आहे. तू ती नीट करून ठेवली आहेस आणि तिथं कुणाचा त्रास होत नाही. त्यांना तिथं बसव.