पाळीवरची ट्रायल

सानगडीचा तो मिस्त्री जीपला जाड स्टेअरिंग आर्म बसवून द्यायचा. आमच्या जीपा तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात फिरायच्या, आणि खड्ड्यात आपटून चाक वळवणारा मूळचा आर्म वाकायचा. मिस्त्रीकडे लष्कराच्या मोडीतल्या आर्मांचा ढीग असे. त्यातला एकेक सुतळीला टांगून तो पान्यानं ठोकायचा, डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि बहुतेक वेळा "नाही" म्हणून परत टाकायचा. बसवल्यावर ट्रायल तलावाच्या पाळीवरच, म्हणजे मातीच्या बांधावर. गाडी मालकानं चालवायची आणि पाण्याच्या बाजूला मिस्त्री बसणार, हा त्याचा नियम.

एका वर्षी मी नागपूरहून नवा, चकचकीत आर्म घेऊन गेलो. त्यानं तो ठोकून पाहिला.

"बद्द वाजून राहिला, भाऊ."

"वाजवायचा नाही, बसवायचा आहे," मी म्हणालो.

त्यानं आर्म नीट बसवला, नट कसले, पिन घातली. मग मनगटावरचं घड्याळ काढून रुमालात गुंडाळलं, दुकानातल्या फळीवर ठेवलं आणि जीपमध्ये येऊन बसला.

"घड्याळ काहून काढलं?" मी विचारलं.

"त्याले पाणी चालत नाही."

मी इंजिन बंद केलं.

दुपारी त्याच्या ढिगातला गंजका आर्म बसवून आम्ही पाळीवर निघालो. आता घड्याळ मनगटावर होतं. पाळ सगळ्यात अरुंद होते तिथं त्यानं हात वर करून वेळ पाहिली.

"जेवाची वेळ झाली," तो म्हणाला. "जरा जोरात घ्या."