बोनेटखालचं पिल्लू

मी चिडका माणूस आहे. उशीर झाला की आमच्या जिन्यात आधी माझा आवाज पोचतो आणि मग मी. त्या जानेवारीतल्या सकाळीही तसंच झालं. मुलीची शाळा फुलपाड्याला, माझं ऑफिस अंधेरीला, आणि बाईसाहेब दुसऱ्या मजल्यावर बुटाची लेस बांधत बसलेल्या. सात वर्षांची पोरगी. लेस बांधायला नुकतीच शिकली होती, त्यामुळे कुणाला हात लावू देत नव्हती.

थंडीत मांजरं ऊब शोधत गाड्यांच्या इंजिनात शिरतात. आमच्या मनवेलपाड्यातल्या सोसायटीत एक करडी मांजर होती. तिला झालेल्या पिल्लांतलं एकच जगलं, आणि मुलीने त्याला नावही दिलं होतं. ते इथे लिहिण्याची हिंमत होत नाही. गाडी सुरू करण्याआधी तिने बोनेटवर टकटक करायचं, पिल्लू खालून पळालं की मगच मी चावी फिरवायची, हा तिचा नियम. मी त्याला नाटक म्हणायचो. त्या दिवशी तिला घाई व्हावी म्हणून मी तिची वाट न बघता गाडी सुरू केली.

बेल्ट घासल्यासारखा एक आवाज आला, मग काहीतरी आपटलं, आणि मग इंजिन नेहमीसारखं चालू लागलं. मला त्याच क्षणी कळलं होतं. तेवढ्यात ती धावत आली.

"पप्पा, मी टकटक नाही केलं!"

"मी केलं. बस लवकर."

शाळेपर्यंत दोनदा तिने विचारलं, कसला वास येतोय. मी गटाराकडे बोट दाखवलं.

तिला सोडून थेट वॉशिंग सेंटरला गेलो. तिथल्या माणसाने बोनेट उघडलं आणि लगेच खाली केलं. "साहेब, हे आमच्याकडून नाय होणार. घरीच करा." त्याचा राग आला, पण त्याच्या जागी मी तरी काय केलं असतं? ऑफिसला फोन करून बरं नाही म्हणून सांगितलं. ते तरी खरं होतं.

आमच्याकडे टँकरचं पाणी, त्यामुळे पाइप लावून गाडी धुवायला बंदी. बायकोने दोन बादल्या, जुनी फडकी आणि भांड्यांचा साबण खाली आणून दिला. "लागेल ते माग," ती म्हणाली, "पण मला बघायला लावू नकोस." इंजिन निवण्याची वाट बघत मी अर्धा तास पायरीवर बसलो. मग बॅटरीची वायर काढली, अल्टरनेटरवर आणि फ्यूजच्या डब्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या रबराने बांधल्या आणि हात आत घातला.

बेल्टमध्ये अडकलेलं पापडाच्या चिमट्याने काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळून कंपाउंडच्या भिंतीमागे पुरलं. पुडकं इतकं हलकं होतं की मी पुन्हा उघडून बघितलं. त्यानंतर घासणं. गरम लोखंडावर वाळलेलं पाण्याने निघत नाही. साबण लावायचा, थांबायचं, दात घासायच्या जुन्या ब्रशने खरवडायचं, मगाने थोडं थोडं पाणी सोडायचं, फडक्याने टिपायचं. प्रत्येक फडक्याला बारीक करडे केस यायचे. पाचवं फडकं स्वच्छ निघालं तेव्हा मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पण सगळं वरच थांबलेलं नव्हतं. वास जाईना, म्हणून जॅक लावून पुढचं डावं चाक काढलं. चाकाच्या वरचं आतलं काळं प्लास्टिक स्क्रू काढून ओढलं, तर मागे कितीतरी वर्षांचा चिखल थापलेला आणि त्यात उरलेलं. मी आडवा पडून बाटली धुवायच्या ब्रशने ते खरवडत होतो, तेव्हा मांजर आली. जमिनीवर ठेवलेलं चाक तिने हुंगलं. मग खाली पडलेला चिखल हुंगला आणि चाटायला लागली. हळू, नीट, पिल्लाला चाटतात तसं.

मी हातातलं मगभर पाणी तिच्या अंगावर फेकलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

दुपारी शाळा सुटेपर्यंत गाडी इतकी लखलखीत झाली होती की वॉचमन म्हणाला, विकताय काय? मुलीने मात्र दप्तर न काढता पिल्लू शोधायला सुरुवात केली. बायकोने डोळ्यांनी मला खुणावलं, की सांग. मी तोंड उघडलं आणि वेळ मारून नेली. म्हटलं, सकाळी अर्नाळ्याची मासेवाली आली होती ना, तिच्या टेंपोत चढून गेलं ते. तिथे मासेच मासे. मजा आहे त्याची.

ती थोडं रडली आणि मग तिला ते पटलं. माझी सुटका झाली असं मला वाटलं.

मांजरीला मात्र काही पटेना. ती डाव्या चाकापाशी बसून ओरडायची. ऑफिसला जाताना हाकलली तर परत यायची. असे पाच दिवस गेले. शनिवारी जेवताना मुलगी म्हणाली, "पप्पा, आपण हिला पण अर्नाळ्याला सोडूया. पिल्लू भेटेल ना तिला."

बायको जेवायची थांबली. "आता तरी सांग," ती स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली. मी म्हटलं, उद्या गाडीत सांगतो.

रविवारी मांजरीला भाजीच्या पिशवीत घातलं. वाटेत ती पूर्ण वेळ ओरडत होती, आणि मुलगी पिशवीवर हात ठेवून तिला समजावत होती, आलंच हं तुझं बाळ. पूल आला, मग स्टेशनची गर्दी मागे पडली, मग सुक्या मासळीचा वास यायला लागला. मी सांगितलं नाही. तिचा हात पिशवीवर होता, आणि मला तो तिथून काढवेना.

किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारी एक म्हातारी होती. मुलीने तिला जाऊन विचारलं, करडं पिल्लू आलंय का इकडे, एवढंसं? म्हातारीने एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. बहुतेक माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असावं.

"हाय ना गो बाय," ती म्हणाली. "होडीखाली निजतं. पानी पन ठेवतो आम्ही त्याला."

मुलीने टाळ्या वाजवल्या आणि पिशवी उघडली. मांजर बाहेर पडली, परक्या वाळूवर क्षणभर अंग चोरून उभी राहिली. एक कुत्रा तिच्या दिशेने धावला तशी ती उलट्या ठेवलेल्या होड्यांच्या रांगेत कुठेतरी गेली. पुन्हा दिसली नाही. तिचं पिल्लू आमच्या भिंतीमागे होतं आणि मी तिला इथे आणून टाकलं होतं. तिला पुन्हा पिशवीत घालणंही आता माझ्या हातात राहिलं नव्हतं.

घरी पोचताच मुलगी चपला न काढता स्वयंपाकघरात धावली. "आई, पप्पांनी दोघांची भेट घालून दिली!" बायकोने चपाती तव्यावर टाकली. मुलीच्या केसांतली वाळू झटकली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो का? छान केलं पप्पांनी."