निरंजन सरांच्या नावावर एकसष्ट कामं

शंकर नगरातल्या बियाणे कंपनीत चेतना गजभियेला एकोणीस वर्षं झाली होती. दुकानदारांच्या मागण्या घ्यायच्या, अभनपूरच्या गोदामाला कळवायच्या आणि माल पोचला का ते पाहायचं, हे तिचं काम. गोदाम श्यामरावांकडे. दोघांचं सारं फोनवर चालायचं. "श्यामराव, धमतरीचं धान निघालं का?" "हव दीदी, आत्ताच गाडी सुटली." एवढ्यात काम व्हायचं.

मग निरंजन सर मॅनेजर होऊन आले आणि सोबत 'एकजूट' नावाचं ॲप घेऊन आले. फोन बंद, चिठ्ठी बंद, सगळं ॲपवर. त्या ॲपची एक भलतीच खोड होती. कोणतंही काम नुसतं वाचायला उघडलं, की ते उघडणाऱ्याच्या नावावर चढायचं. परत करायला बटण नाही. दुसऱ्या कोणी उघडलं तरच सुटका. काम आल्यापासून तीन दिवसांत झालं नाही, की नाव कोणाचंही असो, ते लाल, आणि दर सोमवारी लाल कामांची यादी नावांसकट मालकांसमोर.

चेतनाने निरंजनला तीनदा सांगितलं, एकदा लिहूनही दिलं. "सर, पाहाले उघडलं तरी नाव चढते. हे बरोबर नाही."

"दीदी, ॲप ग़लती नहीं करता, लोग करते हैं," तो म्हणाला. घरी मराठी असूनही ऑफिसात तो हिंदीच बोले. स्वतः तो एकही काम उघडत नसे, वरचे आकड्यांचे रंगीत गोल पाहून खूश व्हायचा.

मेच्या शेवटी धमतरीच्या दुकानदाराचं बियाणं अडकलं. गाडीला मंजुरी निरंजनने द्यायची होती, ती त्याने दिलीच नाही. पण आपलं काम शोधता शोधता श्यामरावांचं बोट त्या कामावर पडलं होतं. सोमवारी पडद्यावर त्यांचं नाव लाल अक्षरांत झळकलं.

"मी तं नुसतं उघडून पाहिलं होतं," श्यामराव म्हणाले.

"सब यही बोलते हैं," निरंजन हसला.

दोन दिवसांनी त्यांना पत्र मिळालं. हलगर्जीपणाबद्दल कामावरून कमी. सत्तावन्न वर्षांचा माणूस गोदामाच्या किल्ल्या द्यायला शंकर नगरला आला, तर निरंजनने त्याला बसाही म्हटलं नाही. किल्ल्या टेबलावर ठेवून ते उभे राहिले, पोचपावती मागितली. "ॲप पे आ जाएगी," निरंजन मान वर न करता म्हणाला.

चेतना समोरच्याच टेबलावर होती. तिला रडू आलं नाही. तिने निरंजनचा चेहरा नीट पाहून घेतला, आणि याला याच ॲपने गाडायचं असं त्याच क्षणी ठरवलं.

वाट तिला ॲपनेच दाखवली. कामाखाली कोणाचं नाव घेऊन काही लिहिलं, की त्या माणसाच्या मोबाइलवर त्यातले पहिले चार-पाच शब्दच दिसत. पुढचं वाचायचं तर बोट ठेवावं लागे, आणि बोट ठेवलं की काम उघडे.

चेतनाने अडलेलं एक काम उघडलं, आपल्या नावावर घेतलं आणि खाली लिहिलं, "निरंजन सर, आपल्यामुळेच या कंपनीत हे काम मार्गी लागेल अशी खात्री आहे." त्याच्या मोबाइलवर दिसलं फक्त 'निरंजन सर, आपल्यामुळेच या कंपनीत'. काचेपलीकडे तिला दिसलं, त्याने मोबाइल उचलला, बोट ठेवलं आणि गालात हसला. काम त्याच्या नावावर गेलं.

गुरुवार ते शनिवार ती लिहीत राहिली. आपल्यासारखा अधिकारी, आपल्या मार्गदर्शनाखाली, आपण आल्यापासून. खोटं काम एकही नव्हतं. सगळी अडलेलीच होती, निम्मी तर त्याच्याच मंजुरीवाचून. आणि स्तुती दिसली की त्याचं बोट थांबत नव्हतं. "सोमवारपर्यंत अडलेल्या कामाले कोनी हात लावू नका," तिने ऑफिसात सांगितलं. काहून, हे कोणी विचारलं नाही. श्यामराव सगळ्यांचेच होते.

सोमवारी मालक अनंतरावांसमोर यादी उघडली. अडुसष्ट लाल कामं. त्यातली एकसष्ट निरंजनच्या नावावर.

निरंजनच्या तोंडचं पाणी पळालं. "सर, मैंने तो... मैंने सिर्फ़ खोलकर देखा था."

चेतना उठली. "श्यामराव बी हेच म्हनत होते, सर."

तिने अनंतरावांचाच मोबाइल त्यांच्यापुढे सरकवला. "एक काम उघडा जी." त्यांनी बोट ठेवलं. पडद्यावर त्यांचं स्वतःचं नाव चढलं. त्यांनी निरंजनकडे बोट केलं. मग विचारलं, "हे यांना माहीत होतं?"

"तीन खेप सांगितलं मी. लिहूनही दिलं."

ॲप त्याच दिवशी बंद झालं. निरंजनची मॅनेजरकी गेली. श्यामरावांना फोन करून बोलावून घ्या, असं अनंतराव म्हणाले, पण चेतना अडून बसली. "फोनवर नाही. निरंजन सरायनं घरी जाऊन माफी मागावी. अन् मी संग जाईन. मले पाहाचं हाय."

अभनपूरला श्यामरावांच्या ओसरीवर निरंजन उभा राहिला. चेतनाला वाटलं होतं, आता श्यामराव त्याला धुऊन काढतील. पण ते म्हणाले, "बसा." पाणीही दिलं. चेतनाला ते मुळीच आवडलं नाही.

निरंजन मराठीत बोलला, पहिल्यांदाच. "चुकलं माझं, काका."

"कामावर येतो मी," श्यामराव म्हणाले. "पन आधी कागद पाहिजे. माही चूक नव्हती, असं लिहून, मालकाच्या सही-शिक्क्याचा."

निरंजनने तिथेच, मांडीवर वही ठेवून, मसुदा लिहिला. श्यामरावांनी तो दोनदा बदलून लिहायला लावला. तेव्हा कुठे चेतनाला बरं वाटलं.

परतताना तिने बाजारात गाडी थांबवली. "वांगे घेतो जरा," म्हणून उतरली. घरी वांगी कोणी खात नव्हतं. गाडी भर उन्हात होती, आत निरंजन घाम पुसत होता. चेतनाने एकेक वांगं उचलून, देठ पाहून, परत ठेवलं. भाजीवालीला पोराबाळांचं विचारलं. मग शेजारच्या दुसऱ्या दुकानाकडे वळली.