ते पित्त नव्हतं

माझी धाकटी जाऊ मालती गेली, त्याला सव्वा महिना झाला. भेटायला येणारे अजून म्हणतात, “बिचारीचं पित्त खवळलं.” खोटं आहे ते. मालती काकडीच्या कोशिंबिरीतल्या दाण्याच्या कुटाने गेली. ते कूट आपल्याच माणसाने घातलं होतं.

बडोद्याच्या दांडियाबाजारात आम्ही दोघी जावांनी एका चुलीवर पंचवीस वर्षं काढली. तिला दाणे सोसत नसत. आंबटगोड आमटी, खिचडी, भरली वांगी, काही चालायचं नाही. सासरी सगळे हसत. “मराठ्याच्या घरात जन्म आणि म्हणे कूट चालत नाही!” मीही हसायचे. नुसती हसले नाही... एकदा तिचे नखरे उतरवावेत म्हणून वांग्यात मुद्दाम चमचाभर कूट घातलं. तासाभरात तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. मी आमसुलाचं पाणी चोळलं. संध्याकाळपर्यंत उतरलं. तिला काही सांगितलं नाही. आमसुलाने उतरतं, एवढं मात्र पक्कं डोक्यात बसलं.

पुढे गावात अलर्जीचे डॉक्टर आले, तेव्हा ती त्यांच्याकडे गेली. त्यांनी हातावर थेंब टाकून सुया टोचल्या. दाण्याचा थेंब होता तिथे रुपयाएवढी गांधी आली. ती घरी आली ती हात पुढे करूनच. “बघा वहिनी, आता तरी पटलं ना?” डॉक्टरांनी बजावलं होतं, घसा आवळला तर घरी थांबायचं नाही, तडक दवाखाना. तिने हे सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या कोकिळाबेनने लगेच मानलं. काही द्यायला आली की दारातूनच ओरडायची, “मालतीबेन, आमां सींग नथी!” दाणे नाहीत हे आधी सांगायचं, मग ताटली पुढे. परकी बाई ती. आपल्यांना मात्र पुरावा पुरला नाही.

त्या दिवशी वासण्याला आमच्या नात्यातल्या एका घरी आम्ही दोघी सवाष्ण म्हणून जेवायला गेलो. घरची बाई बीए झालेली, शाळेत शिकवते. मालतीने पानावर बसण्याआधी विचारलं, “कोशिंबिरीत कूट नाही ना?”

“नाही गं बाई. किती चौकशा! सवाष्णीने पानात टाकू नये, एवढं ठाऊक आहे ना?”

मालतीने दोन घास खाल्ले. हात थांबला. “वहिनी, घसा...” एवढंच म्हणाली. अंग लाल झालं, श्वासाला शिट्टी लागली. ती बाई म्हणाली, “चिमूटभर तर घातलं होतं. चिमटीने काय होतंय?” आणि मी, चौथी शिकलेली शहाणी, ओरडले, “पित्त उठलंय, आमसूल आणा!” मालती माझा हात झटकत होती, दाराकडे बोट दाखवत होती. आम्ही चौघी बायका तिला धरून आमसूल चोळत बसलो. रिक्षा बोलावली तेव्हा ओठ निळे पडले होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उशीर केलात.

तेराव्याला नैवेद्याचं पान वाढलं. त्यात कोशिंबीर होती आणि कोशिंबिरीत कूट! मेलेल्या बाईच्या पानातसुद्धा! मी पान उचललं.

“आजी, वाढलेलं पान उचलू नये,” गुरुजी म्हणाले.

“तिला चालत नाही.”

ती वासण्याची बाई मागून म्हणाली, “आता काय फरक पडतो?”

माझं टाळकं फिरलं. सगळ्यांसमोर सांगितलं, हिने कूट घातलं आणि खोटं बोलली. आमसूल चोळत मी वेळ घालवला. आणि कित्येक वर्षांपूर्वी वांग्यात कूट मीच घातलं होतं. माझा दीर, मालतीचा नवरा, पाट सोडून उठला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे त्याचं.

त्या बाईचा निरोप आला, की मी तिची अब्रू घालवली. घालवली. मालतीने पंचवीस वर्षं घसा फोडून सांगितलं, तेव्हा तिच्या शब्दाची अब्रू कोणी ठेवली?

तिची लहान कढई शेगडीमागच्या खुंटीला आहे. तिळाच्या तेलाने काळी झालेली. परवा सुनेने तीत सिंगतेल, दाण्याचंच तेल ते, ओतायला घेतलं. मी हात धरला. “अहो, आता खाणारं कोण आहे?” ती म्हणाली. मी कढई घासून परत खुंटीला लावली.