बुश, बेअरिंग आणि बाबांचे कान

त्या रविवारी तरी मला झोपायचं होतं. पण बाबा उशाशी उभे. "ऊठ, घाटकोपराक जावचा हा." गेले कित्येक रविवार हेच. आठवडाभर पार्ल्याच्या हापिसात मान मोडायची आणि सुट्टीला मुलुंडहून गॅरेजात जाऊन बाबांचा दुभाष्या व्हायचं. मिस्त्री बोले ते बाबांना कळत नसे. सगळं आयुष्य गिरणीच्या साचाखात्यात, मागांच्या खडखडाटात गेलेलं. कानांची पार वाट लागली होती. ते मात्र म्हणत, "आताचे लोक हळू बोलतत." घ्या!

गाडी म्हणजे जुनी, परदेशी मोटारसायकल. गिरणीतला एक साहेब मुंबई सोडताना त्यांना देऊन गेला होता. गिरणी बंद पडली, गाडी राहिली. तिच्यावर बसले की ते अजून साचाखात्यातले जॉबर, कामगारांवरचे मुकादम असत. खाली उतरले की घरात बसलेला म्हातारा. म्हणून तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

आता इंजिन खोललं होतं आणि सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. क्रँकच्या टोकाला मूळचा होता तसा बुश घालायचा, की बेअरिंग? बुश म्हणजे गनमेटलचं साधं नळकांडं, शाफ्ट त्यात तेलावर फिरतो. बेअरिंगात पोलादी गोळ्या. मिस्त्री म्हणे, "काका, बेअरिंग टाका. एकदा बसवलं की बघायला नको."

मी ते बाबांच्या कानात ओरडून सांगितलं. ते खेकसले, "बुशच बरो. झिजलो की आधी वाजता, टकटक करून सांगता, माका बदल. बेअरिंग कायच सांगणा नाय. रस्त्यात एकदम फुटता."

बरोबरच होतं ते. मिस्त्रीनंही मान डोलावली. पण वाजलेलं ऐकणार कोण? जुना बुश महिनाभर असा ठोकत होता की शेजारची काकू म्हणायची, "आले तुमचे बाबा, कढई बडवत." बाबांना पत्ताच नाही. शेवटी भर रस्त्यात इंजिन जाम झालं, बाबा पडता पडता वाचले आणि गाडी मी ढकलत आणली.

मिस्त्री मला हळूच म्हणाला, "तूच सांग ना यार. तुझा बाप आहे."

मी दमलो होतो. म्हटलं, "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

"काय?"

परत सांगितलं.

"काय म्हणतंस?"

मग माझं डोकंच फिरलं. बेंबीच्या देठापासून ओरडलो, "तुम्हाला ऐकू येत नाही! बुश वाजला तरी कळणार नाही तुम्हाला!"

शेजारच्या टायरवाल्याचा हातोडा थांबला. चहावाला वळून बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे एवढंच तर कानात सांगायचं होतं, आणि या माणसाला ते हळू सांगायची सोयच नव्हती.

बाबा फडक्यानं बोटं पुसत राहिले. मग म्हणाले, "बोंबलतंस कित्याक? सगळी गल्ली ऐकता."

आणि माझ्याकडे बोट दाखवत मिस्त्रीला, "मगे बुशच घाल. गाडी आता हो चालवतलो. हेका ऐकाक येता."

मला ती गाडी नको होती हो. त्यांनी मला एक सणसणीत शिवी हासडायला हवी होती, नेहमीसारखी.