तातू परब आणि बेटावरचा पाम

तातू परब झाडांना नावाने नव्हे, गावाने हाक मारायचे. सलालाहच्या आमच्या बागेत नारळाची रोपं 'केरळवाली' होती आणि केळी 'जळगावकर'. मी तिथे कारकून, वेंगुर्ल्याकडचे तातू मुख्य माळी. पंचवीस वर्षं ओमानात काढूनही त्यांच्या अरबीचा सगळा कारभार 'यल्ला' आणि 'खलास' यांवर चालायचा. झाडांशी मात्र अस्सल मालवणीत बोलत. "झाड आपला दुखणा सांगना नाय, आपणच वळखूचा लागता," हे दिवसातून एकदा तरी ऐकावं लागे.

२०१४च्या सुमारास बागेच्या मालकांनी, म्हणजे अर्बाबांनी, मॉरिशसकडच्या एका बेटावरच्या पामाच्या तीन बिया मिळवल्या. त्या बेटावर बकऱ्यांनी आणि वादळांनी त्याची चारदोनच झाडं शिल्लक ठेवली होती. तातूंनी वर्षभर कुंड्या जिवापाड जपल्या. एकच बी रुजली. त्या रोपाला ते 'एकटो' म्हणू लागले.

बियांसोबत एक इंग्रजी कागद आला होता. तो तातूंना वाचून दाखवणं माझं काम. मी सवडीने, तुकड्यातुकड्याने वाचून दाखवला. थोडा दाखवायचा राहूनही गेला.

रोप जमिनीत लावायच्या दिवशी तातूंनी खड्ड्यात दोन ओंजळी खडेमीठ टाकलं, कोकणात माड लावताना टाकतात तसंच. "मीठ नाय तर माड नाय," ते म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. मिठाने या पामाची मुळं जळतात हे त्या कागदाच्या राहिलेल्या भागात होतं, आणि मी स्वतः ते वाचलेलं होतं. पण झाडातलं तातूंना मी काय शिकवणार, म्हणून गप्प बसलो. खरं तर मला जेवायला जायचं होतं.

महिन्याभरात पानं करपली आणि रोप गेलं. अर्बाब आले तेव्हा तातू स्वतःच पुढे झाले. "अर्बाब, नमक मैंने डाला. पेड़ मैंने मारा." अर्बाब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं "खलास" म्हणाले आणि गाडीत बसले. मी तेव्हाही गप्पच. लाज वाटायला हवी होती; काहीच वाटलं नाही. कचेरीत जाऊन चहा प्यालो.

तातूंना कुणी काढलं नाही. त्यांनीच नवं रोप लावणं सोडलं. झाडलोट करायची, पाणी घालायचं, एवढंच. झाडांशी बोलणंही थांबलं. पुढच्या वर्षी ते कायमचे गावी निघाले. विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. आत जाता जाता ते मागे फिरले.

"भाऊनू, मनाक लावन घेव नकात. मीठ घालताना तुमी कायतरी सांगूक तोंड उघडल्यात, ता माका दिसला होता. मियाच आयकूक थांबाक नाय."

मी तोंड उघडलंच नव्हतं. तेही त्यांना सांगितलं नाही.